ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, वेळेचा हिशोब मात्र आपला आपण

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत. बहुतेक जणी अंतराला ठरावीक वेगाने भागतात आणि तो भागाकार ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून खपवतात. ग्रेट सर्कल मॅपर ही दिसायला जुनाट, पण फुकट साइट त्यातल्या त्यात प्रामाणिक. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे, की नकाशा आणि अंतर समोर. मध्ये थांबा असेल तर त्याचाही कोड जोडायचा; टप्पे वेगळे आणि बेरीज वेगळी मिळते.

एकक आधी बघा. साइट मुळात साध्या मैलांत उत्तर देते, वैमानिक सागरी मैलांत बोलतात. साधा मैल १.६०९ किमी, सागरी १.८५२. गल्लत झाली तर १५ टक्क्यांचा फरक पडतो.

मुंबई ते न्यूयॉर्क (जेएफके) साधारण १२,५०० किमी. नकाशावरची रेघ पश्चिमेला न जाता वायव्येला चढते: सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडचं दक्षिण टोक. गोलावरची सर्वांत जवळची वाट तीच. सपाट नकाशावर वाकडी दिसते एवढंच.

पण विमान या रेघेवरून जाईलच असं नाही, आणि साइट इथेच तोकडी पडते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा सिंधवरची वाट सोडून अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. साइटवरचं अंतर तेवढंच राहिलं, उड्डाणाचा वेळ वाढला. वाऱ्याचंही तसंच. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. हिवाळ्यात हा फरक आणखी ताणतो. साइटवर वेग भरून वेळ काढता येतो, पण तो आकडा दोन्ही दिशांना एकच येतो.

ताशी ९०० किमी धरले तर १२,५०० किमीला जवळजवळ १४ तास होतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण यांचा किमान अर्धा तास, वर वारा आणि वळसा. खरा आकडा हवा तर तिकिटावरूनच काढा. मुंबईहून पहाटे २ ला निघून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला न्यूयॉर्क, असं वेळापत्रक हिवाळ्यात दिसलं तर ५:३० मध्ये घड्याळांतला १०:३० तासांचा फरक मिळवा: १६ तास. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून ९:३० मिळवायचे. इथे बरेच जण फसतात.

साइटचा खरा उपयोग भरपाई मागताना होतो. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात अंतर याच पद्धतीने मोजतात. फ्रँकफर्टहून मुंबईसारख्या ३,५०० किमीपेक्षा लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असली, तर ६०० युरो. एकाच तिकिटावर मध्ये विमान बदललं असेल तर टप्प्यांची बेरीज करू नका. पहिलं आणि शेवटचं विमानतळ यांतलं सरळ अंतर धरतात.

गोव्यासाठी कोड टाकताना तिकीट बघून घ्या: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स.