सेंट्रल लाइनचा तयार निर्जंतुक पॅक : वर्षभर वापरल्यावर

पॅक चांगला की वाईट, हे मला तो उघडताना पहिल्या मिनिटातच कळतं. आतली सुई किती धारदार, कॅथेटर (शिरेत घालायची नळी) किती मऊ, ते डॉक्टर सांगतील. माझं काम त्याच्या आधीचं. ट्रॉली पुसून कोरडी करायची, पॅक तपासायचा, उघडायचा आणि डॉक्टरांचा हात आत पोचेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला नको तो स्पर्श होऊ द्यायचा नाही. गेली बावीस वर्षं मी नर्स आहे. त्यातली पहिली नऊ ओटीत गेली, पुढची आयसीयूत. सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली लांब नळी. ती टाकायला लागणारं सामान एकत्र असलेला हा तयार पॅक आमच्या युनिटमध्ये येऊन वर्ष झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच्यात दोष आहेत आणि तेही मला मोकळेपणाने लिहायचे आहेत. तुमच्याकडे दुसरा कुठलाही पॅक असला तरी बघायच्या गोष्टी याच.

आधी पूर्वीची तऱ्हा सांगते. रात्री तीन वाजता पेशंटचं बीपी घसरलंय, नॉरअ‍ॅड्रेनालिन हे बीपी वाढवणारं औषध सुरू करायचंय, हाताला शीर मिळत नाही, डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, सेंट्रल लाइनची तयारी करा." मग एका कपाटातून गाऊन, दुसऱ्यातून ड्रेप (पेशंटवर पसरायचं निर्जंतुक कापड), ड्रममधून गॉझ, ड्रॉवरमधून सिरिंज, कुठूनतरी ब्लेड. तेरा-चौदा वेगवेगळी पाकिटं उघडायची आणि एकेक वस्तू ट्रॉलीवर सोडायची. प्रत्येक पाकिटाला कडा असते आणि ती कडा स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, नसते. प्रत्येक वेळी माझा हात ट्रॉलीवरून जाणार, प्रत्येक वेळी एखादी वस्तू कडेला घासण्याची भीती. त्यात दोनदा तरी काहीतरी राहिलेलं असायचं आणि उघडी ट्रॉली सोडून मला धावावं लागायचं. नजरेआड गेलेली ट्रॉली स्टराइल धरायची नाही हे आम्ही शिकलेलो असतो, पण रात्री तीनला दुसरं कोणी उभं राहायला नसतं.

ड्रमबद्दलही लिहायला हवं, कारण अजून अनेक ठिकाणी तेच चालतात. मी शिकले तेव्हा गॉझ, टॉवेल सगळं पत्र्याच्या ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जायचं : 121 अंश, 15 पौंड दाब. ड्रमच्या बाजूची भोकं वाफ आत जायला उघडी ठेवायची आणि बाहेर काढल्यावर आठवणीने बंद करायची. ड्रमवर बाहेरून चिकटवलेल्या पट्टीवरच्या रेषा काळ्या झाल्या की ड्रम "झाला" असं सगळे म्हणायचे. त्या रेषा एवढंच सांगतात की ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आला. मधल्या टॉवेलच्या घडीपर्यंत वाफ पोचली का, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी आत ठेवायचा इंडिकेटर वेगळा असतो. आणि सकाळी आठला उघडलेला ड्रम संध्याकाळपर्यंत पंचवीस वेळा उघडला जातो. शेवटच्या गॉझला स्टराइल म्हणताना मला कधीच बरं वाटलं नाही. तयार पॅक एकदा उघडला की एकाच पेशंटसाठी, हा मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आता उघडण्याबद्दल. या पॅकमध्ये वरच्या बाजूला एक वेगळा कप्पा आहे आणि त्यात टोपी, मास्क आणि चेकलिस्टचं कार्ड आहे. वाचायला किरकोळ वाटेल. याआधी आम्ही जो पॅक आणायचो त्यात मास्क अगदी आत, गाऊनच्या घडीखाली होता. म्हणजे मास्क घालायचा तर स्टराइल पॅक मास्क न घालताच उघडायला लागायचा. टोपी आणि मास्क आधी, मग हात धुणं, मग गाऊन-हातमोजे हा क्रम ज्याला माहीत आहे तो माणूस मास्क तिथे ठेवणारच नाही. या पॅकची मांडणी करताना कोणीतरी ट्रॉलीजवळ उभं राहिलेलं आहे, हे त्या एका कप्प्यावरून मला पटलं.

त्याखाली आतलं वेष्टण. त्याची टोकं बाहेरच्या बाजूला दुमडलेली आहेत, चिमटीत धरता येतील अशी. सगळ्यात वरचं टोक माझ्यापासून लांब उघडतं, मग डावं, मग उजवं, आणि माझ्याकडचं शेवटी. क्रम असाच हवा. जवळचं टोक आधी उघडलं तर लांबचं उघडायला उघड्या सामानावरून हात न्यावा लागतो आणि बाहीवरचं, मनगटावरचं काय खाली पडेल ते डोळ्यांना दिसत नाही. घड्या सुटल्यावर वेष्टण ट्रॉलीवर चारी बाजूंनी खाली लोंबतं. कडेच्या साधारण अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्याला आम्ही स्टराइल धरत नाही, आणि ट्रॉलीच्या पातळीखाली लोंबणारं कापड तर नाहीच. या पॅकवर त्या पट्ट्याला फिकट निळी रेघ आहे. नवीन मुलींना शिकवताना ती फार उपयोगी पडते. "रेघेच्या आत" एवढंच सांगावं लागतं.

खरं कौतुक करायचं तर ड्रेपचं. जुन्या पॅकमध्ये भोकाचा लहानसा टॉवेल यायचा, जेमतेम मान आणि छातीचा वरचा भाग झाकणारा. त्यावरून एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. नवीन डॉक्टर होते, हात चांगला होता, सुई पहिल्याच प्रयत्नात शिरेत गेली. गाइडवायर, म्हणजे जिच्यावरून नळी शिरेत सरकवतात ती तार, आत घालताना तिचं मागचं टोक वेटोळ्यातून सुटलं. ती तार स्प्रिंगसारखी असते, हातभर लांब. उसळून पलंगाच्या कठड्याला लागली आणि परत टॉवेलवर आली. अर्ध्या सेकंदाचं काम. डॉक्टरांचं लक्ष मॉनिटरवर होतं, त्यांनी पाहिलंच नाही. मी पाहिलं. "डॉक्टर, तार कठड्याला लागली, बदलायला हवी," असं म्हटल्यावर ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग तार बाहेर काढून शिरेवर बोट दाबून धरलं. दुसरा सेट उघडला, सुईपासून पुन्हा सुरुवात केली. चूक त्यांची म्हणता येणार नाही. तेवढ्याशा टॉवेलवर ती तार ठेवायला जागाच नव्हती. या पॅकमधला ड्रेप डोक्यापासून पायापर्यंत आहे, कठडेही त्याखाली येतात. वर्षभरात तार उसळली असेल, पण पडली ती ड्रेपवरच.

याच जोडीला अल्ट्रासाउंडच्या प्रोबचं (त्वचेवर फिरवायच्या भागाचं) लांब कव्हर आणि स्टराइल जेलची पुडी दिली आहे. पूर्वी प्रोबला स्टराइल हातमोजा चढवायचे आणि केबल मात्र उघडीच पेशंटच्या छातीवरून फिरायची. आता केबलही झाकली जाते.

त्वचा साफ करायला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं 2 टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, स्पंज लावलेल्या कांडीत. पंख दाबले की आतली काच फुटते आणि औषध स्पंजात उतरतं. हे वापरताना माणसं एकच चूक करतात, ती म्हणजे घाई. कोरड्या त्वचेवर 30 सेकंद मागे-पुढे घासायचं आणि पुढे किमान 30 सेकंद ते आपोआप वाळू द्यायचं. गॉझने टिपायचं नाही, हवा घालायची नाही, फुंकर तर नाहीच. केस असतील तिथे वाळायला खूप जास्त वेळ लागतो. ती 30 सेकंदं किती लांब वाटतात हे उभं राहणाऱ्यालाच कळतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने मोजते. कोणाला राग आला तरी मोजते. पॅकमधली कांडी 3 मिलीची आहे. मानेसाठी पुरते, पण जांघेतून लाइन टाकायची वेळ आली तर पुरत नाही. तिथली त्वचा दमट, घासायलाच दोन मिनिटं हवीत, म्हणून मी मोठी कांडी वेगळी काढून ठेवते.

सिरिंजवर चिकटवायची स्टराइल लेबलं आहेत : लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध), सलाइन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं सलाइन. सुया खोचायला फोमचा ठोकळा आहे. गॉझमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा आहे आणि संख्या पाकिटावर छापलेली आहे. या तिन्ही गोष्टींना पूर्ण गुण.

आता दोष. पहिला आणि मोठा : सलाइन ओतायची वाटी ट्रेच्या बरोबर मध्यभागी साच्यातच घडवली आहे. सलाइन पॅकमध्ये नाही, ते बाहेरून मी ओतणार. म्हणजे बाटली धरलेला माझा हात, स्क्रब न केलेला (जंतुनाशकाने न धुतलेला), अर्ध्या ट्रेवरून आत न्यावा लागणार. वाटी नेहमी ट्रेच्या कडेला हवी, ओतणाऱ्याच्या बाजूला. शिवाय वरून धार धरली की शिंतोडे उडतात. वेष्टणाखाली ट्रॉलीपर्यंत ओल पोचली तर ती जागा गेली, कारण ओल्या कापडातून जंतू वर चढतात. आम्ही यावर तोडगा काढला आहे. मी सलाइनची अँप्यूल उघडून ट्रॉलीच्या बाहेर तिरकी धरते, डॉक्टर स्टराइल सिरिंजने तोंडाला न शिवता ओढून घेतात. काम होतं, पण एवढ्या विचाराने केलेल्या पॅकमध्ये हे राहावं याचं वाईट वाटतं.

दुसरा दोष हातमोज्यांचा. एकच जोडी, साडेसात नंबरची. आमच्या दोन डॉक्टर बाईंचा नंबर साडेसहा आहे. मोठ्या मोज्यात बोटांच्या टोकाला पिशवी होते, तार चिमटीत नीट येत नाही आणि मोजा फाटायची भीती राहते. म्हणून दर वेळी आणखी एक पाकीट उघडून आत सोडावं लागतं. तेच टाळायला तर पॅक आणला होता.

तिसरं, मुदतीची तारीख. वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी ती इतक्या फिकट करड्या अक्षरांत आहे की आयसीयूतल्या रात्रीच्या उजेडात टॉर्च लावावा लागतो. तारीख आणि वेष्टण या दोन गोष्टी बघितल्याशिवाय पॅकला हात लावायचा नाही, मग ती ठसठशीत का नको?

वेष्टणावरून आठवलं. आमच्या स्टोअरमध्ये सुरुवातीला पॅक पाच-पाच करून रबरबँडने बांधून ठेवले होते. मी पहिल्याच आठवड्यात ते सोडवले. रबरबँडखाली कागद चुरगळतो, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि वरून काही दिसत नाही. सिंकखालच्या कपाटातही नकोत. वर छापलेली तारीख पुढची असली तरी पॅक भिजला, दबला, फाटला की तो संपला. असा एक पॅक मी टाकून दिला तेव्हा थोडी बोलणी बसली. पुन्हा तसा आला तर पुन्हा टाकीन.

कुणीतरी असंही सुचवलं की न वापरलेली कात्री, गॉझ, सिरिंज जमवून ऑटोक्लेव्ह करू, फुकट जातं. फुकट जातं हे मलाही खुपतं. पण पॅकवर आडवी रेघ मारलेला 2 आहे, म्हणजे एकदाच वापरायचा. कंपनीने ते इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेलं आहे. यातलं बरंचसं प्लास्टिक 134 अंशांच्या वाफेत टिकणारच नाही. आम्ही त्याऐवजी कुठली वस्तू दर वेळी उरते याची यादी ठेवली. दोन जादा सिरिंज आणि एक ब्लेड कायम उरतात. ती कंपनीने कमी करावीत.

वरच्या कप्प्यातल्या त्या कार्डाबद्दल शेवटी लिहिते, कारण माझ्यासाठी ते सगळ्यात मोलाचं आहे. 2006 साली अमेरिकेतले डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मिशिगन राज्यातल्या 103 आयसीयूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हात धुणं, पूर्ण अंग झाकणारा ड्रेप आणि गाऊन-मास्क, क्लोरहेक्सिडिन, शक्यतो जांघ टाळणं, गरज संपली की लाइन काढणं, एवढ्याच पाच गोष्टी. दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस) रक्तात होणाऱ्या जंतुसंसर्गाचा मध्यक 2.7 होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. यात नवं औषध नव्हतं. पण क्रम चुकला तर, अगदी तातडीची वेळ नसेल तर, काम थांबवायचं असं ठरलेलं होतं. आमच्या पॅकमधल्या कार्डावर "निरीक्षक" अशी जागा आहे. तिथे नर्सची सही लागते. पूर्वी मी "डॉक्टर, बाही मॉनिटरला लागली" असं म्हणायचे तेव्हा तो माझा आगाऊपणा वाटू शकायचा. आता माझ्या हातात कार्ड असतं, पेन असतं आणि सगळ्यांना माहीत असतं की मी बघतेय. गेल्या महिन्यात एका वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं, "सिस्टर, 30 सेकंदं झाली का?" मी म्हटलं, "अजून आठ." ते हात छातीसमोर धरून उभे राहिले.

पाचपैकी चार गुण. वाटीचा फोटो आणि उरणाऱ्या वस्तूंची यादी मी कंपनीला पाठवली आहे, आणि पुढच्या मागणीत साडेसहा नंबरच्या मोज्यांचा पॅक वेगळा मिळेल का हेही विचारलं आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.