चिरा उघडा ठेवावा की चुन्याचा गिलावा द्यावा?

कोकणात, गोव्यात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधायला काढलं की हा प्रश्न येतोच. घर साधं हवं, भपका नको, इथवर सगळ्यांचं जमतं. पण साधं म्हणजे कसं?

ठरवण्याआधी एकदा जुन्या गोव्याला जाऊन या. रस्त्याच्या अलीकडे बॉम जीझस बॅसिलिका (१६०५), पलीकडे से कॅथेड्रल. दोन्ही जांभ्याची. कॅथेड्रल पांढरंशुभ्र, बॅसिलिका तांबडी, उघडी. अनेकांना तेच तिचं मूळ रूप वाटतं. खरं तर तिलाही चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात उतरवला गेला. तेव्हापासून पाऊस थेट दगडावर पडतोय. भिंतीजवळ जाऊन बघा, चिरा झिजून खडबडीत झालाय. गिलावा परत द्यावा, ही मागणी म्हणूनच होते.

तरीही उघडा चिरा मला मनापासून आवडतो. फक्त त्याच्या अटी पाळायला हव्यात. वळचण निदान दोन-अडीच फूट बाहेर हवी आणि जोतं उंच, नाहीतर पागोळ्यांचे शिंतोडे खालच्या थरांवर शेवाळ धरतात. चिरा खिळ्याने ओरखडून घ्या. भुगा सहज पडला तर तो उघडा ठेवायचा नाही. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरायला हात बसलेला गवंडीच लागतो, कारण चुकलेली रेघ झाकायला वर काहीच नसतं. विजेच्या नळ्या, प्लग कुठे येणार तेही पहिला थर लावण्याआधीच ठरवा. गिलाव्याचा खर्च वाचतो, तो बराचसा या कामात जातो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला बांधलेल्या उघड्या विटांच्या इमारती पाहून हुरूप येतो, पण ती भट्टीत भाजलेली वीट आहे. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा.

चुन्याचं काम धीराचं. चुना मुरवावा लागतो, गिलावा सुकायला वेळ घेतो, दर दोन-तीन वर्षांनी सफेदी आलीच. जाणता कारागीरही पटकन मिळत नाही. पण ओल भिंतीत कोंडत नाही. सिमेंटच्या गिलाव्याखाली ती कोंडते आणि पोपडे धरतात, म्हणून सिमेंट मी या निवडीत धरतच नाही.

माझं मत विचाराल तर पावसाचा मारा झेलणाऱ्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना चुना द्या. पडवीतली, माजघरातली भिंत मात्र खुशाल उघडी ठेवा. तिथे तो चिरा हाताला रोज लागेल.