खलनायक अजून जिताच आहे: फोन, कार्ड आणि एसएसडी, तीन मोसमांचा हिशोब

आमच्या गावात एखादा माणूस बरेच दिवस दिसला नाही, की पारावर कोणीतरी म्हणतंच, "मेला नाई गा तो, त्याचं कार्ड भरलं." ही म्हण माझ्यामुळे पडली. कशी, ते आधी सांगतो. त्याशिवाय मी पुढे कोणत्या वस्तूला चांगलं म्हणतो आणि कोणत्या वस्तूला शिव्या घालतो, ते कळायचं नाही.

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. अडीच एकर धान आणि जोडीला शूटिंगचा धंदा. उन्हाळ्यात लग्नं, हिवाळ्यात नाटकं. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा लागते, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि मंडई-पट म्हटलं की रात्री नाटक आलंच. वडशाच्या कंपन्यांची नाटकं वेगळी, तिथे माझं काही काम नाही. मी आमच्या गावातल्या हौशी पोरांचं नाटक शूट करतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर पोरांचा जोर असा चढला आहे की तालमीच्या नादात धान कापायचा राहतो.

गोष्ट 2022 च्या मंडईची. रात्री साडेदहाला पडदा वर गेला आणि पहाटे साडेपाचला खाली आला. सात तास. त्या आठवड्यात नागपूरला गेलो होतो, तेव्हा बर्डीवरच्या एका हातगाडीवरून 512 जीबीचं मेमरी कार्ड साडेचारशे रुपयांत आणलं होतं. फोनमध्ये टाकलं तर 512 दाखवत होतं. मी खूश. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रात्री अडीचपर्यंतचं सगळं व्यवस्थित आणि पुढच्या फायली नुसत्या नावाला. आकार दिसतो, तारीख दिसते, उघडत नाहीत. तिसऱ्या अंकात सावकार मरतो. सावकाराचं काम माझ्या चुलतभावाने केलं होतं, आणि मरतानाचा सीन त्याने महिनाभर आरशासमोर घोटला होता. तो सीन गेला. तेव्हापासून आमच्या गावात सावकार जिताच आहे.

नंतर कळलं त्यात गोम काय असते. कार्डाच्या आतली चिप 32 जीबीचीच. फक्त फोनला "मी 512 आहे" असं सांगायला तिला शिकवलेलं असतं. 32 भरेपर्यंत ती इमानदारीने लिहिते, पुढचं सगळं हवेत. माझा जुना फोन 1080पी, म्हणजे फुल एचडी, रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण 130 एमबी खायचा. 32 जीबीला चार तास. साडेदहा अधिक चार, म्हणजे अडीच. हिशोब अगदी तंतोतंत जुळला, याचा राग जास्त आला.

म्हणून आता कार्ड कुठूनही आणलं, पावतीच्या दुकानातून आणलं, तरी आधी संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकटचा छोटा प्रोग्राम चालवतो. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं सगळं परत वाचून पाहतो. 256 जीबीला माझ्या लॅपटॉपवर दोन-अडीच तास जातात. जाऊ द्या. तेवढ्यात एक बांधी निंदून होते.

सध्या माझ्याकडे सॅमसंगचं इव्हो प्लस 256 जीबी कार्ड आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत वेग लिहिलेला असतो, तो वाचू नका. तो वाचायचा वेग, आणि आपण तर लिहिणारी माणसं. बारीक अक्षरांत 'व्ही30' लिहिलं आहे का ते पाहा. त्याचा अर्थ, काहीही झालं तरी सेकंदाला 30 एमबी लिहीन, त्याच्या खाली येणार नाही. 1080पीला सेकंदाला दोन-सव्वादोन एमबी लागतात, त्याहून बारीक चित्राच्या 4केला सहाच्या आसपास. म्हणजे व्ही30 आपल्याला पुरून उरतं. व्ही60, व्ही90 वाली महागडी कार्डं मोठ्या कॅमेरेवाल्यांसाठी असतात. दुकानदार गळ्यात मारायला पाहील, घेऊ नका.

आता फोन. कार्डासाठी फोनला खाच पाहिजे, आणि तीच आता दुर्मिळ होत चालली आहे. मी 2024 मध्ये सॅमसंगचा ए55 घेतला, मुख्यतः खाचेसाठी. पुढच्याच वर्षी ए56 आला आणि त्यातून खाच गायब. माझ्या भाच्याकडे आयफोन 15 आहे. पुण्याला कंपनीत आहे तो, दिवाळीला आला की ऐट पाहावी. 2024 च्या मंडईला आम्ही दोन्ही फोन शेजारी शेजारी तिपाईवर लावले.

चित्राच्या बाबतीत भांडण नाही, आयफोन पुढे. स्टेजवर लाल दिवा पडला की ए55 मध्ये बायांचे चेहरे टमाट्यासारखे दिसतात, आयफोनमध्ये माणसासारखे. अंधारात ए55 चं चित्र मुंग्या आल्यासारखं होतं. पण भाच्याचा फोन 128 जीबीचा, त्यातले 90 त्याच्याच फोटोंनी भरलेले. आयफोन नव्या पद्धतीने दाबून साठवतो, एचईव्हीसी म्हणतात त्याला. त्यात 1080पीचं मिनिट 60 एमबीत बसतं, 4केचं 170 मध्ये. सात तास 1080पी म्हणजे 25 जीबी, मावलं. 4के लावलं असतं तर 71 जीबी, आणि दुसऱ्या अंकातच फोनने हात वर केले असते. शिवाय ते दाबलेलं चित्र आमच्या गावातल्या जुन्या टीव्हींना कळत नाही, आवाज येतो आणि पडदा काळा. भाचा म्हणाला, "मामा, लोकांना टीव्ही बदलायला सांगा." पुण्याला राहून पोरं अशी होतात.

ए55 ची एक खोड आहे. खाच दुहेरी आहे, दोन सिम घाला किंवा एक सिम आणि कार्ड. आमच्याकडे एका कंपनीचं नेटवर्क घरात येतं आणि दुसरीचं धुऱ्यावर. त्यामुळे कार्ड टाकलं की मी अर्ध्या गावापासून तुटतो. नाटकाच्या रात्री मात्र ते बरंच. तसाही विमानवाला मोड लावावाच लागतो, नाहीतर ऐन लावणीत कोणाचा तरी फोन येतो. चार्जर लावून सात तास चालवला तरी डिसेंबरच्या थंडीत तापला नाही. त्रास उलट दवाचा झाला. पहाटे चारला काचेवर दव बसलं आणि दहा मिनिटं सगळं नाटक धुक्यात. आता खिशात जुन्या धोतराचा तुकडा ठेवतो. त्याच्यावर अजून कोणी उपकरण काढलेलं नाही.

आता ज्या वस्तूवर मी सगळ्यात जास्त पैसे घातले आणि सगळ्यात जास्त फसलो ती. फसलो म्हणजे वस्तूने नाही फसवलं, मीच डबा वाचून फसलो.

सॅमसंग टी7 शील्ड, 1 टीबीची एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी बाहेरून लावायची डिस्क, साडेआठ हजारांना घेतली. पत्त्यांच्या जोडाएवढी वस्तू, बाहेरून रबर, वजन शंभर ग्रॅमच्या आत. डब्यावर सेकंदाला 1,050 एमबी. मी मनात गुणाकार केला: नाटकाचे 55 जीबी, एका मिनिटात खल्लास. प्रत्यक्षात ए55 ला केबल लावली, कॉपी दाबलं आणि पंचवीस मिनिटं बसून राहिलो. मला वाटलं नकली निघाली. बर्डीची आठवण झाली, पोटात गोळा आला.

कारण असं की ए55 ची खालची खिडकी टाईप-सी दिसते, पण आतून ती जुनीच यूएसबी 2.0 आहे. तिच्यातून सेकंदाला 35-40 एमबीच्या वर काही जात नाही, पलीकडे तुम्ही काहीही बांधा. धरणात पाणी कितीही असो, आपल्या शेताचा पाट हातभर रुंद. गंमत म्हणजे भाच्याचा साठ-सत्तर हजारांचा आयफोन 15, त्याचीही खिडकी यूएसबी 2.0 चीच. वेगवान खिडकी फक्त प्रोवाल्याला दिली आहे. हे ऐकून भाच्याचं तोंड पाहण्यासारखं झालं, त्या दिवसाचा माझा खर्च वसूल.

मग उपाय काय? कार्ड काढायचं, यूएसबी 3.0 च्या चारशे रुपयांच्या रीडरमध्ये घालायचं, लॅपटॉपला लावायचं आणि तिथून एसएसडीत. दहा मिनिटांत काम. म्हणजे साडेआठ हजारांच्या वस्तूचा वेग चारशेच्या रीडरने सोडवला. खाच असलेल्या फोनचं खरं मोल मला तिथे कळलं.

तरी टी7 शील्ड मी परत केली नाही आणि करणार नाही. आधी माझ्याकडे फिरणारी हार्डडिस्क होती. तिच्यात तबकडी फिरते, धक्का लागला की संपलं, आणि कंपनीच्या कागदावर चालवायचं तापमान 5 ते 35 अंश. 35 अंश! मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा 45 ओलांडतो, रात्री बाराला अंगणातसुद्धा 35 असतात. ती हार्डडिस्क आमच्याकडे चालवायची तर हिवाळ्यातच. एसएसडीच्या कागदावर 60 अंशांपर्यंत लिहिलं आहे. मागच्या उन्हाळ्यात लग्नाच्या टिनाच्या मंडपात दिवसभर वापरली, हाताला चटका बसेल इतकी तापली, पण एक फाईल गेली नाही. आयपी65 आहे, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सहन होतो. मळणीच्या दिवसांत आमच्या घरात काय उडतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. एकदा गाडीवरून रोडवर पडली. मी पडलो नाही, तीच पडली. काही झालं नाही.

1 टीबी घेतली की लॅपटॉपवर 931 दिसतात. हे नकली असण्याचं लक्षण नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1,024 ने. माझ्या एका दुकानदार मित्राशी गिऱ्हाईक यावरून मारामारीला आलं होतं म्हणून सांगितलं.

शेवटी पेनड्राइव्ह. हसू नका. माझं गिऱ्हाईक एसएसडी पाहत नाही, क्लाऊड तर त्याहून नाही. 55 जीबी क्लाऊडवर चढवायचं तर माझ्या नेटवर्कवर पुढची मंडई येईल. गिऱ्हाईकाला हातात वस्तू पाहिजे. मी सँडिस्कचे क्रूझर ब्लेड 32 जीबी देतो. यूएसबी 2.0, कासवाच्या चालीचा, पण नाटक पाहायला सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा पुष्कळ होतो. इथे वेगावर पैसे घालणं म्हणजे बैलगाडीला रेसिंगचे टायर. मेहनत आहे ती फाईल बनवण्यात. जुने टीव्ही फॅट32 पद्धतीनेच भरलेला ड्राइव्ह वाचतात आणि फॅट32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. माझा एक अंक 18 जीबीचा. म्हणून प्रत्येक अंक 720पी, जुन्या एच264 पद्धतीने, पावणेचार जीबीत दाबून घ्यावा लागतो. एक अंक, एक फाईल. 64 जीबीचा ड्राइव्ह स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो बहुतेक एक्सफॅट पद्धतीचा येतो, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत 32 च्या पुढे फॅट32 चा पर्यायच दिसत नाही. मग तुम्ही बसा यूट्यूबवर उपाय शोधत.

2024 च्या नाटकाचे मी बावीस पेनड्राइव्ह दिले. या वेळी सावकार पूर्ण मेला, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, दव पुसलेल्या काचेतून, साफ. चुलतभावाने स्वतःचं मरण किती वेळा पाहिलं याला मोजदाद नाही. त्याची आई, माझी काकू, हिला पेनड्राइव्ह म्हणजे काय ते पहिल्या दिवशी कळेना. "कुलपाची चाबी हाये का गा ही?" आता पानसुपारीच्या चंचीत ठेवते. दुपारी कोणी आलं की टीव्हीला लावायला मला हाक मारते.

मी लावतो. पहिली फाईल, दुसरी फाईल. तिसरीवर रिमोट नेला की तिचा हात येतो.

"तिसरी नोको लावू गा," म्हणते. "त्याच्यात पोरगा मरते माझा."