वॉशिंग्टन पोस्टचा ट्रम्प डेटाबेस: नोंदी चोख, बेरीज जपून वापरा

३०,५७३. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या ‘खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या’ दाव्यांची ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या अमेरिकी दैनिकाच्या फॅक्ट चेकर (नेत्यांची विधानं पडताळणाऱ्या) विभागाने केलेली ही मोजणी. वादात हा आकडा फेकण्याआधी तो कसा जमला ते बघा.

सुटी नोंद म्हणून डेटाबेस उत्तम आहे. दावा, तारीख, विषय, ट्वीट की सभा हे सगळं दिसतं आणि खाली नेमकं काय चुकलं ते थोडक्यात लिहिलेलं असतं. न पटल्यास वाचक स्वतः पडताळू शकतो. सरकार चुकीचं बोलतंय असं जाहीरपणे म्हणणाऱ्या पत्रकाराने एवढं तरी द्यायलाच हवं.

गोची बेरजेत आहे. एकच दावा पन्नास सभांत केला तर पन्नास नोंदी. ‘आमच्या काळात इतिहासातली सर्वोत्तम अर्थव्यवस्था’ हा एकच दावा जवळपास पाचशे वेळा मोजला गेलाय. शिवाय साफ खोटं आणि अर्धवट माहिती एकाच खात्यात जमा. त्यामुळे ‘तीस हजार थापा’ असं म्हणणं हीच एक दिशाभूल.

मराठीत तर जास्तच सांभाळावं लागतं. आपल्या ‘खोटं’ या शब्दात चुकीचं आणि मुद्दाम केलेली लबाडी, दोन्ही येतात. मथळ्यात ‘खोटं बोलले’ म्हटलं की हेतूचा आरोप झाला, आणि हेतूला पुरावा लागतो. हा विभागही ‘लाय’ (जाणूनबुजून केलेली लबाडी) हा इंग्रजी शब्द टाळत असे. ऑगस्ट २०१८ मध्ये, ट्रम्प यांच्याशी संबंध असल्याचं सांगणाऱ्या महिलांना तोंड बंद ठेवण्यासाठी दिलेल्या पैशांच्या प्रकरणात, तो पहिल्यांदा वापरला, कारण ट्रम्प यांच्या वकिलाची कबुली हाताशी होती. हा संयम मला या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

दावा जितका चुकीचा तितके जास्त पिनोकिओ (खोटं बोलल्यावर नाक वाढणारा गोष्टीतला बाहुला), ही एक ते चारची श्रेणी मात्र ढोबळ. दोन आणि तीनमधली रेघ शेवटी संपादकाच्या अंदाजावर. डिसेंबर २०१८ मध्ये आणलेला ‘बॉटमलेस (अथांग) पिनोकिओ’ हा शेरा त्यापेक्षा नेमका: तीन किंवा चार पिनोकिओ मिळालेला दावा निदान वीस वेळा केलेला हवा. चूक दाखवूनही तेच बोलत राहणं इथे मोजता येतं.

मोठी उणीव पुढची. बायडेन यांची अशी मोजणी पहिल्या शंभर दिवसांनंतर थांबवली. दोघांची तुलना करायचीच तर त्या शंभर दिवसांपुरतीच करा.