प्रागमध्ये मेनू वाचायचा कसा: फोनचा कॅमेरा, इंग्रजी मेनू की खिशातली चिठ्ठी?

चेक भाषेचा गंध नाही आणि समोर मेनू आला, तर मार्ग तीन. इंग्रजी मेनू मागायचा, फोनचा कॅमेरा रोखायचा, नाहीतर दहा-बारा शब्दांची चिठ्ठी काढायची. सगळं खाणाऱ्यांनी कुठलाही निवडावा, उपाशी राहणार नाहीत. गोमांस वर्ज्य असेल किंवा शाकाहारी असाल, तर मात्र निवड जपून करावी लागते.

इंग्रजी मेनू सर्वात सोपा. प्रागच्या जुन्या चौकात किंवा चार्ल्स पुलाच्या आसपास तो न मागताही मिळतो. पण कामावरची माणसं दुपारी जिथे जेवतात तिथे 'पोलेड्नी मेनू' असतो, म्हणजे आठवड्याच्या दिवसांत मिळणारं स्वस्त दुपारचं जेवण. त्याचा रोज बदलणारा कागद बहुतेक वेळा फक्त चेकमध्ये. शिवाय इंग्रजी मेनू वाटतो तितका स्पष्ट नसतो. 'सरलॉइन इन क्रीम सॉस' वाचून आपल्या डोक्यात घंटा वाजत नाही. ती म्हणजे 'स्विच्कोव्हा', चेक लोकांची लाडकी डिश, आणि सरलॉइन म्हणजे गाईबैलाचंच मांस. नुसतं 'गुलाश', म्हणजे मांसाचा दाट रस्सा, लिहिलं असेल, तरी तिथे ते बहुधा बीफचंच.

कॅमेरा छापील कागदावर छान चालतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये चेक भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे तळघरातल्या बिअरखान्यात नेटवर्क नसलं तरी अडत नाही. खडूने लिहिलेल्या फळ्यावर मात्र तो गडबडतो. खरी पंचाईत पदार्थांच्या नावांची. 'श्पान्येल्स्की प्ताचेक'चं शब्दशः भाषांतर 'स्पॅनिश पक्षी'. प्रत्यक्षात तो बीफचा रोल, आत बेकन, अंडं, सॉसेज आणि काकडीचं लोणचं. 'मोराव्हियन चिमणी' म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस. 'बुडालेला माणूस' म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेलं सॉसेज. यात यंत्राचा दोष नाही. आपल्या मिसळपावचं कुणी 'मिसळलेला एक चतुर्थांश' केलं, तर त्या परदेशी पाहुण्याने काय समजावं?

म्हणून माझा कौल चिठ्ठीला. 'होव्येझी' म्हणजे बीफ, 'वेपर्झोव्हे' डुक्कर, 'कुर्झेत्सी' कोंबडी, 'स्लानिना' बेकन, 'शुन्का' हॅम, 'उझेने' धुरावलेलं मांस, 'साडलो' डुकराची चरबी. उच्चार इथे आहेत, पण चिठ्ठीवर मूळ रोमन स्पेलिंगही उतरवून घ्या, अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणांच्या टोप्यांसकट. रोमन J म्हणजे 'य' आणि C म्हणजे 'त्स' एवढं कळलं की अर्धं काम होतं. शब्दांच्या शेपट्या विभक्तीप्रमाणे बदलतात, धड ओळखू येतं. मांसाला 'मासो' म्हणतात, आपल्या 'मांस' शब्दाचाच लांबचा भाऊ. मांसाशिवाय हवं असेल तर 'बेझ मासा' म्हणायचं. मराठी कानाला ते 'मासे नकोत' असं वाटतं, पण मासोळीला तिकडे 'रिबा' असा वेगळा शब्द आहे.

बऱ्याच मेनूंवर पदार्थांपुढे 1 ते 14 मधले आकडे दिसतात. ती युरोपियन युनियनच्या नियमांतली अ‍ॅलर्जींची यादी: 1 ग्लूटेन, 3 अंडं, 7 दूध. अंडं न खाणाऱ्यांना 3 हा आकडा फार उपयोगी. मांसाला मात्र त्या यादीत जागाच नाही, त्यामुळे आकड्यांवर विसंबून बीफ टळत नाही. सुरुवातीला '150 ग्रॅम' असं लिहिलेलं असेल तर ते बहुधा कच्च्या मांसाचं वजन असतं.

शाकाहारींनी 'बेझमासा यीड्ला' हा मथळा शोधावा. तिथे हमखास भेटतो तो 'स्माझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज. पण त्याचं आवरण अंड्यात बुडवलेलं असतं. लसणाचं सूप 'चेस्नेच्का' बरेचदा मांसाच्या रश्शात शिजतं, आणि शिजवलेल्या कोबीत, 'झेली'त, चरबी पडलेली असू शकते. इथे कॅमेराही गप्प आणि इंग्रजी मेनूही. वेटरला चिठ्ठीतले 'साडलो' आणि 'स्लानिना' दाखवून नकारार्थी मान हलवायची, तो समजतो.

एवढी उठाठेव नको असेल तर प्रागमधल्या 'बेआस ढाबा' नावाच्या शाकाहारी ठिकाणी जा. तिथे आपणच ताट वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे.