लिनक्सच्या ड्रायव्हरचं ‘लायसन्स’ आणि माझं कार्ड

तीन हजार रुपये मोजले त्याचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते याचं, की ज्या दुकानदाराने मला गंडवलं त्याने आधी पंख्याखाली खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, आणि मी घरी येऊन शेजारच्या वहिनींना त्याचंच दुकान सुचवलं. त्यांचा लॅपटॉप सुदैवाने अजून बिघडलेला नाही.

मी नागपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. लिनक्सशी, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीशी, ओळख झाली ती कोहामुळे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मूळचं न्यूझीलंडचं, २००० साली तिथल्या एका ग्रंथालयात पहिल्यांदा वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि खरोखरच ते फुकट मिळतं. ते लिनक्सवर चालतं म्हणून आम्हीही लिनक्स शिकलो. शिकलो म्हणजे काय, तर काळ्या खिडकीत दोन-चार ओळी टाइप करायची भीती गेली. निवृत्तीनंतर भाच्याने माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकून दिला. शेजारी विंडोजही ठेवलं, कारण जुन्या स्मरणिकांच्या, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली माझ्याकडे ढिगाने पडून आहेत आणि त्या उघडायच्या तर विंडोजशिवाय माझं पान हलत नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी अशीच एक फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशी, करून द्यायची होती. सकाळी विंडोज उघडलं, त्याने तासभर अपडेटचा घोळ घातला. काम झालं, बंद केलं. संध्याकाळी लिनक्स सुरू करून बघते तर वायफाय गायब. नेटवर्कची यादी रिकामी. दोनदा बंद-चालू केलं, राउटरची पिन काढून लावली, लॅपटॉपच्या पाठीवर थोपटूनही पाहिलं. भाचा व्हीएनआयटीत शिकतो, त्याची परीक्षा सुरू होती. म्हटलं, पोराला कशाला त्रास द्यायचा. हा समजूतदारपणा मला महागात पडला.

शुक्रवारी सकाळी सुभाषनगरहून मेट्रो पकडली, झाशी राणी चौकात उतरले आणि उन्हात पदर डोक्यावर घेऊन बर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याने लॅपटॉप उघडला, मिंटचं हिरवं चिन्ह पाहिलं आणि मान हलवली.

“मॅडम, हे लिनक्स आहे ना, याला कंपनी ड्रायव्हर देतच नाही. बाहेरून घ्यावं लागते. पेड राहते.”

“पण लिनक्स तर फुकट असतं.”

“लिनक्स फुकट आहे जी, ड्रायव्हर नाही. गाडी कोणी फुकट दिली तरी पेट्रोल तर टाकावंच लागते ना?”

मला ते पटलं. (ड्रायव्हर म्हणजे संगणकाला त्याच्या एखाद्या भागाशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्रॅम.) का पटलं तेही सांगते, कारण फसण्याची जागा तीच होती. त्याच्या बोलण्यात चिमूटभर खरं होतं. कॉलेजात आमच्याकडे एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर होता. तो बंद केला की स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम, विसरतो, दर वेळी चालू केल्यावर ते संगणकाकडून त्याच्यात भरावं लागतं, आणि लिनक्सवर त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं. ते बसवताना आमच्या घामाच्या धारा लागल्या होत्या. तेव्हापासून लिनक्स आणि ड्रायव्हर हे शब्द जोडीने ऐकले की मी निम्मी शरण गेलेली असते. पण त्या प्लगइनचेही आम्ही पैसे दिले नव्हते, हे मात्र त्या क्षणी आठवलं नाही.

आता माहीत आहे ते असं. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच, म्हणजे कर्नेलमध्येच असतात. वायफाय कार्डाला फर्मवेअरची फाईल लागते, तीही मिंटसोबतच येते. एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं, ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं यांना कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, तो मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून एका क्लिकवर बसतो आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. बसवून देण्याची मजुरी घ्या की, हक्काने घ्या. पण ‘एक वर्षाचं लायसन्स’ म्हणून कोणी पैसे मागितले तर लॅपटॉप उचला आणि सरळ समोरच्या टपरीवर जाऊन तर्री पोहा खा.

मी काय केलं? लॉगिनचा पासवर्ड स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, चिठ्ठीवर लिहून दिला.

सोमवारी लॅपटॉप मिळाला. वायफाय चालू होतं. बिल म्हणजे पॅडवरचा कोरा कागद. त्यावर ‘लिनक्स वायफाय ड्रायव्हर, १ वर्ष, २,४००’ आणि खाली ‘सर्व्हिस ६००’. जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचं नाव नाही, सहीच्या जागी एक वेलांटी. पैसे मी यूपीआयने दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता कोणा व्यक्तीच्या नावावर गेले. हे सगळं मी पाहिलं. तीस वर्षं पुस्तकांची बिलं तपासली, एकेका पुरवठादाराला पै-पैशाच्या सवलतीवरून परत पाठवलं, आणि हा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर एक गोष्ट खटकली. आमचा राउटर दोन नावांनी नेटवर्क दाखवतो, एक साधं आणि एक पाच गिगाहर्ट्झचं, जे जास्त वेगाचं. लॅपटॉपवर आता साधंच दिसत होतं. फोनवर दोन्ही दिसत होती. शिवाय आतल्या खोलीत गेलं की सिग्नलची एक काडी उरायची. दुकानात फोन केला.

“मॅडम, लिनक्सले फाइव्ह जी सपोर्ट नाही ना. कंपॅटिबिलिटी इश्यू राहतो.”

पाच गिगाहर्ट्झ वेगळं आणि मोबाइलचं फाइव्ह जी वेगळं, हे मला ठाऊक होतं. महिनाभर आधी ते नेटवर्क याच लिनक्सवर मी रोज वापरत होते, हेही ठाऊक होतं. तरी ‘कंपॅटिबिलिटी’ हा शब्द ऐकून मी गप्प बसले. डॉक्टरने लॅटिन नाव सांगितलं की पेशंट गप्प बसतो, तसंच.

जूनमध्ये परीक्षा संपवून भाचा रविवारी आमरस खायला आला. तक्रार ऐकून त्याने वाटी बाजूला सारली आणि काळ्या खिडकीत ‘एलएसपीसीआय -एनएन’ची आज्ञा दिली. लॅपटॉपच्या आत काय काय बसवलं आहे त्याची यादी सरसर वर गेली. नेटवर्कच्या ओळीशी तो थांबला.

“मावशी, तुझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं कार्ड होतं ना? मीच मिंट टाकलं तेव्हा पाहिलं होतं.”

“मला काय माहीत बाबा.”

“हे रिअलटेक आहे. काहून दिलं बाप्पा तू दुकानात? मला फोन करायचा.”

त्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे चौकटी कंसात दोन क्रमांक असतात, पहिला कंपनीचा आणि दुसरा त्या मॉडेलचा. इंटेलचा क्रमांक ८०८६. त्यांच्या १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरची ती आठवण. रिअलटेकचा १०ईसी. माझ्याकडे १०ईसी होतं आणि मॉडेल आरटीएल८७२३बीई. हे कार्ड पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडूच शकत नाही, लिनक्सवर नाही, विंडोजवर नाही, कुठेच नाही. त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. म्हणजे २,४०० रुपयांचं जे लायसन्स मी घेतलं ते या जगात अस्तित्वातच नव्हतं.

पण पूर्वी इंटेलचं होतं हे सिद्ध कसं करायचं? मी म्हटलं, आता काय, गेलं ते गेलं. भाचा हसला. “मावशी, तुझं लिनक्स रोजनामचा लिहिते.”

आणि खरंच. लॅपटॉप जितक्या वेळा सुरू होतो तितक्या वेळा कोणती वस्तू सापडली, कोणता ड्रायव्हर लागला, काय अडलं, हे सगळं वेळेसह लिहून ठेवलं जातं. ‘जर्नलसीटीएल’ने जुनी पानं उघडता येतात. आम्ही मे महिना उघडला. त्या गुरुवारच्या संध्याकाळी स्वच्छ लिहिलं होतं: इंटेल वायफाय ६ एएक्स२०० सापडलं, फर्मवेअर सुरू करायला गेलो, उणे ११० ही चूक. म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. ते मेलेलं नव्हतं, विंडोजने त्याला अर्धवट झोपवून ठेवलं होतं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग लिनक्सला कार्ड नीट ताब्यात मिळत नाही. भाच्याने ही सोय पूर्वी बंद करून ठेवली होती, अपडेटनंतर ती परत चालू झाली. उपाय काय, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन एक टिक काढायची. नाहीतर शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाउन करायचं. बस.

पुढचं पान शनिवारचं. लॅपटॉप दुकानात होता. दुपारी ४:१७ ला सुरू झालेला, इंटेलचं कार्ड सापडलेलं, फर्मवेअर चढलेलं, एकही चूक नाही. इतकंच नाही, दुकानाच्या वायफायशी जोडलं गेल्याची नोंद होती, त्यांच्या नेटवर्कच्या नावासकट. म्हणजे माझी तक्रार ४:१७ ला मिटली होती, बहुधा नुसतं पूर्ण बंद करून चालू केल्यानेच. मग ४:३१ ला लॅपटॉप बंद. ४:५२ ला परत सुरू, आणि त्या पानावर इंटेलचं नावही नाही. तिथून पुढे सगळीकडे रिअलटेक.

मधली एकवीस मिनिटं मी बराच वेळ बघत बसले.

भाच्याने मागचं झाकण उघडलं. कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं, एका स्क्रूवर बसलेलं. अँटेनाच्या केसासारख्या बारीक वायरी दोन, एक काळी, एक पांढरी. काळी कार्डाला लावलेली. पांढरीला लावायला नव्या कार्डावर जागाच नव्हती, म्हणून ती दुमडून सेलोटेपने बॅटरीला चिकटवलेली. त्या सेलोटेपवर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता.

पासवर्ड बदलला, विंडोजचाही आणि बँकेचाही. नोंदींची पानं छापून घेतली, सेलोटेपचा फोटो काढला आणि सोमवारी दोघं बर्डीवर गेलो. दुकानदार आधी म्हणाला, हे तर कोणीही टाइप करू शकते. मग म्हणाला, पोट्ट्याने केलं असन, तो आता कामावर नाही. भाच्याने त्याला त्याच्याच वायफायचं नाव असलेली ओळ दाखवली आणि मोबाइलवर तेच नाव त्याच्याच भिंतीआड दिसत असल्याचंही दाखवलं. मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक काढून समोर धरला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि कच्चं बिल असलं तरी यूपीआयची नोंद माझ्याजवळ आहे, हे मी ग्रंथालयातल्या आवाजात सांगितलं. म्हणजे हळू, पण शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती आपापले लॅपटॉप मांडीवर घेऊन ऐकू लागली.

पंधरा मिनिटांत आतून एक इंटेलचं कार्ड आलं, एएक्स२००च. काउंटरवरच बसवून घेतलं, दोन्ही वायरी लावून. २,४०० परत मिळाले. सर्व्हिसचे ६०० नाही मिळाले, आणि उन्हं इतकी चढली होती की मीही सोडून दिलं. खरं तर तक्रार नोंदवायला हवी होती. घरी नको म्हणाले, आणि मीही थकले होते. हे लिहितेय ते थोडंफार त्या अपराधापोटीच.

तुम्हाला लॅपटॉप दुकानात द्यावाच लागला, तर निघण्याआधी ती ‘एलएसपीसीआय’ची यादी पडद्यावर आणून तिचा फोटो काढा आणि दुकानदाराला दाखवून ठेवा. रॅम किती आणि डिस्क कोणती तेही. पासवर्ड देऊ नका, वेगळं साधं खातं उघडून द्या. आणि वायफाय गेलं म्हणून घायकुतीला येऊ नका. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लिनक्सवर नेट लगेच मिळतं, कोणताही ड्रायव्हर न घालता. मला हे त्या गुरुवारी माहीत असतं तर भाच्याची परीक्षा संपेपर्यंत मी खुशाल थांबले असते. ग्रंथालयात एकेका पुस्तकाचा दाखल क्रमांक मुखपृष्ठामागे, गुप्त पानावर (खुणेसाठी ग्रंथालयाने ठरवलेल्या आतल्या पानावर) आणि नोंदवहीत असा तीन ठिकाणी लिहिणारी मी, स्वतःच्या लॅपटॉपमधल्या एकाही वस्तूचा क्रमांक कुठे लिहून ठेवला नव्हता.

आता लिहायचं म्हणून त्याच रात्री वही घेऊन बसले. प्रत्येक वायफाय कार्डाला बारा अक्षरांचा स्वतःचा पत्ता असतो, मॅक अ‍ॅड्रेस. पहिली सहा अक्षरं कंपनीची, पुढची सहा त्या एका कार्डाची. वहीत उतरवताना सहज जुन्या नोंदीशी ताडून पाहिलं. मे महिन्याच्या पानावरच्या इंटेल कार्डाचा पत्ता ‘४ई’ने संपत होता. काउंटरवर बसवलेल्याचा ‘बी१’ने.

कंपनी तीच, मॉडेल तेच, कार्ड वेगळं. भाच्याला फोन केला. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “मावशी, म्हणजे हे दुसऱ्या कोणाचं तरी काढलेलं आहे.”

पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क आता दिसतं. आतल्या खोलीतही सिग्नल पूर्ण येतो.