हातात मावणारा सोनोग्राफी प्रोब: लहान मुलांच्या पोटासाठी वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात हा प्रोब पुन्हा तापून बंद पडला, म्हणून हे लिहीत आहे. तांत्रिक तपशील पत्रकात आहेतच; मी आतड्याच्या अडथळ्यापुरतेच बोलतो.

आतड्यात आतडे शिरल्याचे अडीच-तीन सेंटिमीटरचे वर्तुळ लिनिअर (सपाट तोंडाच्या) प्रोबवर सुरेख दिसते आणि जंतांचा गुंता समांतर रेषांनी ओळखू येतो. पण ही कामे शेजारच्या खोलीतले मोठे मशीनही करते, त्यामुळे बरेच दिवस मी याला महागडी चैन समजत होतो. मत बदलले ते दीड वर्षाच्या एका मुलामुळे. हिरव्या उलट्या, एक्स-रेत फुगलेली आतडी, कारण मात्र काहीच नाही. रात्री खाटेपाशीच प्रोब टेकवला, तेव्हा फुगलेले आतडे जिथे संपत होते तिथे पोकळीतच एक गोल, काळी, बारीक चमकदार कडेची वस्तू दिसली. जन्मजात दुहेरी आतड्याची गाठ असती, तर तिच्या भिंतीला आतड्यासारखे थर दिसले असते. इथे ते नव्हते. घरच्यांना पुन्हा खोदून विचारल्यावर थोरल्या बहिणीचे पाण्यात फुगणारे रंगीत मणी निघाले, जे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. ऑपरेशनमध्ये तसाच एक मणी हाती आला.

तरीही तापण्याचे काय? हिरवी उलटी म्हटली की पहिली शंका आतड्याच्या पिळाची, आणि त्यासाठी आतड्याच्या धमनीभोवती शिरेचा भोवरा शोधायला कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोय, लागते. नेमका डॉपलरच प्रोबला तापवतो, आणि रडणारे बाळ शांत होईपर्यंत चित्र गोठलेले असते. कंपनीच्या मते हे ‘सामान्य’ आहे. मेकेलच्या पट्ट्याने (आतड्यापाशी जन्मापासून राहिलेल्या तंतुमय पट्ट्याने) आवळलेले आतडे वायूआड लपते, हा सोनोग्राफीचाच दोष आहे आणि तिथे बाळाची अवस्था पाहूनच पोट उघडावे लागते. मात्र उष्णतेचा दोष कंपनीचाच.

त्यांनी दुरुस्तीऐवजी प्रोब बदलून दिला. अनुक्रमांक बदलल्यामुळे पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली समुचित प्राधिकाऱ्यांना कळवण्याची कागदपत्रे मलाच करावी लागली, आणि तोवर नवा प्रोब कपाटात राहिला. आता वाढीव वॉरंटीचे दरपत्रक आले आहे. डॉपलर सलग किती मिनिटे चालेल, हे त्यात लिहून मिळाल्याशिवाय मी एक रुपयाही भरणार नाही.